खाडीवर जाताय? आधी तिथी बघा

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईहून फोन सुरू होतात. "येतोय रविवारी. पक्षी बघू, थोडे मासे गरवू, जमलं तर एखादी शिकारही होऊन जाऊ दे." मंडळी रविवारी अकराला उतरतात, नाश्ता करतात, बाराला खाडीवर पोचतात. समोर अर्धा मैल चिखल, त्याच्या पार टोकाला हलणारे काही ठिपके, आणि डोक्यावर ऊन. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या बांधावर उभं राहून माझा भाचा म्हणाला, "मामा, इथं तर नुसता चिखल आहे!" मी म्हटलं, "अरे, आज चतुर्थी आहे. दिसणार काय?" त्याला वाटलं मी उपासाबद्दल बोलतोय.

खाडीचं घड्याळ वेगळं असतं. लोक रजा बघून येतात आणि पाणी तिथी बघून येतं, एवढ्यावरूनच सगळी गफलत होते. खाली दिलेल्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. निम्मी माणसं तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि पहिले दोन विसरतात.

## टप्पा १ : शिकारीचा विषय घरीच मिटवा

पक्ष्यांची किंवा जनावरांची हौसेची शिकार आपल्याकडे कायदेशीर नाही. हंगामी परवाना, बदकांचा कोटा, ओळखीच्या माणसामार्फत परवानगी, असलं काही अस्तित्वात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारणं तर येतंच, पण तेवढंच नाही. पकडणं, फास लावणं, विष घालणं, जाळ्यात अडकवणं, पक्ष्याची अंडी किंवा घरटं मोडणं, आणि यातल्या कशाचा प्रयत्न करणंही शिकारच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला, प्राणी असेल किंवा अभयारण्यात शिकार केली असेल, तर कैद किमान तीन वर्षं आणि कमाल सात.

नेहमी ऐकू येणारे तीन गैरसमज इथंच निस्तरून घेऊ.

"एअरगनला लायसन लागत नाही." काही कमी ताकदीच्या एअरगनला लागत नाही, खरं आहे. पण ती बंदूक बाळगण्याबद्दलची सवलत आहे. तिनं अडई, लावा किंवा कवडा पाडायला कुणी मुभा दिलेली नाही. गलोलीलाही हाच न्याय.

"गावात रानडुक्कर मारायला परवानगी मिळते." ती पिकाच्या नुकसानीपोटी, वनखात्याच्या लेखी आदेशानं आणि त्यातल्या अटींनुसार. पाहुण्यांच्या मौजेसाठी नाही.

"आम्ही मारत नाही, मारलेलं विकत घेतो." ते घेणाराही अडकतो. कुणी पिशवीत बदकं घेऊन दारात आलं तर नको म्हणा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मासे गरवणं ही वेगळी गोष्ट. अभयारण्याच्या बाहेर, खाडीकाठी, गरीनं (गळानं) हौसेपुरते मासे पकडायला हरकत नसते. म्हणून आधी हद्द विचारा. ठाणे खाडीचं रोहित पक्षी अभयारण्य (२०१५ पासून, सुमारे १,६९० हेक्टर) किंवा मालवणचं सागरी अभयारण्य (१९८७ पासून) इथं वनखात्याला विचारल्याशिवाय गरी पाण्यात सोडू नका.

तपासा : गाडीत एअरगन, गलोल, फास, कुत्रा, ड्रोन यांपैकी काही आहे? असेल तर घरीच ठेवा. कुत्र्याचं नाव वाचून हसू नका. मोकळा सोडलेला एक कुत्रा पाच मिनिटांत अख्खी पुळण (वाळूचा किनारा) रिकामी करतो, मग दिवसभर बसा.

## टप्पा २ : तिथीवरून दिवस ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला.

भरती दिवसातून दोनदा येते, दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं. म्हणजे रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचा हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. पक्ष कुठलाही असो, प्रतिपदेपासून मोजायचं. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरा.

द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण भरती, सव्वातीनच्या सुमारास पूर्ण सुकती (ओहोटी), रात्री साडेनवाच्या आसपास पुन्हा भरती. माझ्या भाच्याची चतुर्थी? चारची पाऊणपट तीन. भरती पहाटे तीनला आणि दुपारी तीननंतर, म्हणजे सकाळी नऊला पाणी तळाला. तो पोचला बाराला, तेव्हाही पाणी अर्धंच भरलेलं. चिखलच दिसणार.

हा हिशेब ढोबळमानानं बरोबर येतो. तिथी दिवसाच्या मध्येच बदलते, त्यामुळं मिनिटाचा भरवसा धरू नका. मोबाईलवर भरतीचे तक्ते मिळतात, त्यांच्याशी ताडून घ्या, पण तक्ता कुठल्या बंदराचा आहे ते बघा. मुंबईची वेळ घेऊन विजयदुर्गला जाणारे कमी नाहीत. शिवाय ही वेळ खाडीच्या तोंडाशी लागू पडते. आत जाल तसं पाणी उशिरा चढतं. दाभोळला भरती लागली म्हणून चिपळूणकडच्या बाजूला त्याच वेळी लागेल असं नाही.

पक्षी आणि गरी दोन्ही एका सकाळीत बसवायचं असेल, तर भरती साडेसात ते दहाच्या मध्ये यायला हवी. म्हणजे दशमी ते त्रयोदशी, शुद्ध असो की वद्य. महिन्यात असे सातआठ दिवस मिळतात, त्यात एखादा शनिवार-रविवार बहुतेकदा सापडतो. त्यातही त्रयोदशी मला आवडते, कारण उधाण जवळ आलेलं असतं. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पाणी भरपूर चढतं आणि तितकंच उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास धड चढत नाही की धड उतरत नाही, तो भांग. भांगाच्या दिवसांत चिखलाचा लांबचा पट्टा उघडाच राहतो आणि पक्षी तिथंच बसून राहतात.

सकाळच का? आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य डोंगराकडून येतो आणि पाण्याकडं बघताना तुमच्या पाठीशी राहतो, त्यामुळं पिसांचे रंग नीट दिसतात. संध्याकाळी तोच सूर्य डोळ्यांत, आणि कुरव काय नि बगळा काय, सगळे काळे.

हंगाम म्हणाल तर पाहुणे पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उतरू लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत बहुतेक परततात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ठाणे-उरणकडचे रोहित मात्र मेपर्यंत रेंगाळतात. पावसाळ्यात येऊ नका. १ जूनपासून जुलैअखेर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, आणि पुराचं लाल पाणी खाडीत असताना काठावर उभं राहण्यात अर्थ नाही.

तपासा : कागदावर या चार वेळा लिहून ठेवा: पूर्ण भरती, त्याच्या दोन तास आधी, दोन तास नंतर, पूर्ण सुकती. कागद खिशात ठेवा. खाडीत मोबाईलची रेंज जाते, कागद जात नाही.

## टप्पा ३ : आदल्या दिवशी जागा हेरा

सुकतीला जाऊन जागा बघा, भरतीला वापरा. पाणी उतरलेलं असताना चिखलातल्या नाळी (पाण्याचे अरुंद ओहळ), बुडालेले खडक, कालवं चिकटलेले दगड, कोळ्यांनी रोवलेले खुंट उघडे पडतात. दुसऱ्या दिवशी हे सगळं पाण्याखाली असेल, तेव्हा कुठं पाय टाकायचा नाही आणि कुठं गरी अडकेल हे आदल्या दिवशीच कळलेलं बरं.

तीन गोष्टी शोधा. भरती पूर्ण चढल्यावरही कोरडा राहणारा रेतीचा पट्टा, कारण पक्षी तिथं गोळा होतील. तुमच्या उभं राहण्यासाठी पक्का बांध, जेटी किंवा पुलाजवळची वाट. आणि गरवायची जागा, पक्ष्यांच्या बसण्याच्या जागेपासून चांगली दूर. शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि मग एकाच्या गरीनं दुसऱ्याचे पक्षी उडतात.

मग माणसांना विचारा. खाजणातले (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतले) बांध, कोळंबीची तळी, खासगी जेट्या कुणाच्या ना कुणाच्या मालकीच्या असतात. काठावर जाळं विणत बसलेल्या काकांना "काका, इथं गरी टाकली तर चालेल ना? तुमच्या जाळ्याला अडचण नाही ना?" एवढं विचारलं तर परवानगी मिळते, शिवाय काल मासा कुठं लागला तेही कळतं. "इथं मासे आहेत का हो?" असं विचारलंत तर नाही म्हणतील. कोण सांगेल?

सावधान : चिपळूणजवळची वाशिष्ठी आणि महाडजवळची सावित्री यांच्या पात्रात मगरी आहेत. खाडी आत शिरून गोडी होत जाते त्या भागात पाण्यात उतरून गरवू नका, काठावर मासे साफ करू नका.

होडीतून जायचं असेल तर आधी ठरवा. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला कांदळवनातून होडीची सफर घडवतात. ठाणे खाडीत ऐरोलीच्या केंद्रातून बोटी सुटतात. दोन्हीकडं वेळ भरती ठरवते. लाइफ जॅकेट अंगावर चढवा, मांडीखाली घेऊन बसू नका.

## टप्पा ४ : पिशवी

पायात जुने नाडीचे कॅनव्हासचे बूट. चप्पल चिखलात राहते. गमबूट त्याहून वाईट, चिखल तो वरून धरतो आणि पाय तेवढा बाहेर येतो. कपडे मळखाऊ रंगाचे, पांढरा शर्ट नको. डोक्याला टोपी, हातात छातीएवढी काठी.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरे. आठ म्हणजे आठपट मोठं दिसतं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटीची घेतलीत तर हात हलतो, होडीत तर काहीच स्थिर दिसत नाही.

गरीसाठी तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा), दोन-तीन मापांच्या गऱ्या, शिसं, पक्कड, जुना फडका. याशिवाय पाणी, गूळ-शेंगदाणे, दोरीचं एक भेंडोळं, बँडेज, आणि गरम पाण्याचा थर्मास. थर्मास चहासाठी नाही, कशासाठी ते पुढं येतंच.

## टप्पा ५ : भरतीआधीचे दोन तास, पक्षी

पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागेवर बसलेले असा. पोचलेले नव्हे, बसलेले.

पाणी चढू लागतं तसा चिखल आकसतो. मघाशी अर्धा मैल पसरलेले पक्षी पावलापावलानं काठाकडं ढकलले जातात. तुम्ही त्यांच्याकडं जायचं नाही, पाणीच त्यांना तुमच्याकडं आणतं. सगळी युक्ती एवढीच. मी बांधावर बसतो, पाठ तिवराला (खारफुटीच्या झाडाला) टेकतो आणि अर्धा तास दुर्बीणही काढत नाही. आधी चिखल्या या छोट्या पक्ष्यांची धावाधाव जवळ येते, चार पावलं पळायचं, थबकायचं, टोचायचं. मागून तुतारी पक्षी, चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी वरखाली. लांब, खाली वळलेल्या चोचीचा कोरल सगळ्यात शेवटी हलतो, पाणी पोटाला लागेपर्यंत.

ओळखताना नावापासून सुरुवात करू नका. हा क्रम ठेवा:

१. आकार, ओळखीच्या पक्ष्याशी ताडून. चिमणीएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा की बगळ्याएवढा.
२. चोच. डोक्यापेक्षा लांब की आखूड, सरळ की वळलेली.
३. पायांचा रंग. शेकाट्याचे लांबसडक गुलाबी पाय एकदा बघितले की पुन्हा चूक होत नाही.
४. करतो काय. पळतो, टोचतो, उभा राहतो की सूर मारतो.
५. उडताना पंखावर आणि पाठीवर पांढरं कुठं दिसतं.

मग पुस्तक किंवा मोबाईल. चिखलातले छोटे पक्षी हिवाळ्यात सगळेच राखाडी होतात, त्यांच्यावर पहिल्या दिवशी डोकं फोडू नका. पहिल्या खेपेला मोठे आणि ठळक घ्या: राखी बगळा, काळ्या डोक्याचा खंड्या, पाणकावळा, शराटी, ब्राह्मणी घार. वर बघायलाही विसरू नका. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, ज्याला आमच्याकडं काकण म्हणतात, तो वरून गेला की खालचे कुरव एकदम उठतात. कुरव का उठले हे बघायला मान वर करायची, की तो दिसतो.

थांबा : खाणारे पक्षी खाणं सोडून माना ताठ करून तुमच्याकडं बघू लागले, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात. तिथंच थांबा, हळू बसा. पुढचं पाऊल टाकलंत तर थवा उठेल. भरतीला बसायला जागा थोडी उरलेली असते, उठलेल्या थव्याला दुसरी सापडेलच असं नाही. उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे महाभाग मी बघितलेत. अशांना पुन्हा बरोबर नेऊ नका.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलावणं हेही नको.

## टप्पा ६ : पाणी ठरल्यापासून पुढं, गरी

पूर्ण भरतीला पाणी थोडा वेळ थांबतं. दुर्बीण पिशवीत टाका, जागा बदला, गरी जुळवा. मासा लागतो तो पाणी हलू लागल्यावर. सुकती सुरू झाल्यापासूनचे दीड-दोन तास तुमचे. तिवरांत शिरलेली कोळंबी आणि बारीक मासळी नाळीतून परत बाहेर येऊ लागते, आणि नाळीच्या तोंडाशी तांबोशी, चोणक, पालू टपून असतात. (चोणक म्हणजे रायगडातला जिताडा. यावरून वाद नकोत.)

आमिष जिवंत कोळंबीचं. गरी डोक्यावरच्या करवती काट्याच्या खालून आडवी काढा. कवचातून काळा ठिपका दिसतो, त्याला गरी लागू देऊ नका. तिथं लागली की कोळंबी तत्काळ मरते, आणि मेलेल्या कोळंबीकडं चोणक ढुंकूनही बघत नाही. शिसं ओढीप्रमाणं घ्या. गरी वाहून जात असेल तर वाढवा, दगडासारखी तळाला बसत असेल तर कमी करा.

सावधान : तंगूस बोटाला गुंडाळू नका. रिकाम्या बाटलीला किंवा लाकडाला गुंडाळा. दोन-तीन किलोची तांबोशी दगडाकडं वळली की तंगूस बोटाच्या मांसापर्यंत कापत जातो. माझ्या डाव्या तर्जनीवर खूण आहे, सतराव्या वर्षी मिळवलेली.

कुठला मासा ठेवायचा? लहान असेल तो परत. महाराष्ट्रात २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. तिचा धंदेवाल्यांशी जास्त संबंध, पण वीतभर तांबोशीत खायला तरी काय असतं? सोडताना ओल्या हातानं धरा. केंड, म्हणजे फुगणारा मासा, कधीच ठेवू नका. त्याचं विष शिजवूनही जात नाही. कासव गरीला लागलं तर तंगूस ओढू नका. जवळून कापा, सावलीत ओलं ठेवा आणि १९२६ ला फोन करा.

पाण्यात ब्लीचिंग पावडर किंवा सुरुंग टाकणारे अजून भेटतात. विष आणि स्फोटकं वापरून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून मनाई आहे. तशी मासळी कुणी दिली तर घेऊ नका.

तपासा : जितक्या गऱ्या आणल्या तितक्या मोजून परत. तुटलेल्या तंगूसाचा प्रत्येक तुकडा खिशात. बगळ्याच्या पायाला तंगूस गुंडाळला गेला की तो पाय जातो.

## टप्पा ७ : वेळेवर निघा

भरतीनंतर दोन-अडीच तासांनी आवरा. "अजून एक लागतोय बघ" म्हणणाऱ्याच्या हातातून गरी काढून घ्या.

रेतीच्या पट्ट्यावर असाल तर धोका चढत्या पाण्याचा असतो, आणि तो पाठीमागून येतो. मी एकदा काकण गरुड मासा घेऊन परत येईल म्हणून पुळणीच्या टोकाला बसून राहिलो. समोरचं पाणी लांब होतं, सगळं ठीक वाटत होतं. मागं वळलो तर येताना घोट्याएवढी असलेली नाळ कमरेएवढी भरलेली. पिशवी डोक्यावर धरून पार केली. होडीतला एक जण ओरडून विचारत होता, "ओ, पोहता येतं ना?" येत होतं. तुम्ही मात्र दर वीस मिनिटांनी मागं बघा.

चिखलात पाय अडकला तर:

१. ओढू नका. एक पाय ओढताना दुसरा खोल जातो.
२. मागं झुका, सरळ चिखलात बसा. वजन पसरतं. कपड्यांची काळजी नंतर.
३. अडकलेला पाय गोल हलवून पाणी आत शिरू द्या, मग हळूहळू सोडवा.
४. काठी आडवी टाकून तिच्यावर भार द्या आणि आलात त्याच दिशेनं सरपटत या.
५. सोबत्यानं जवळ यायचं नाही. कठीण जमिनीवरून दोरी टाकायची.

तिवराच्या वर आलेल्या श्वासमुळांवरून चालू नका. ती मोडतात आणि तुमचा पायही मोडतो. चुलीसाठी तिवर-चिपीची काटकी तोडणं हा गुन्हा आहे, वाळलेली वाटली तरी.

आता थर्मास. शेंगटी माशाचा काटा किंवा वागळी या चपट्या माशाचा शेपटीवरचा नांगा लागला तर जखम धुवा आणि सोसवेल तितक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवा. पाणी कोमट झालं की बदला. भाजणार नाही हे दुसऱ्याच्या हातानं तपासा, कारण दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही. वेदना कमी झाल्या तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरकडं जाच. काटा आत मोडला असेल, किंवा नांगा छाती-पोटाला लागला असेल, तर तो उपसत बसू नका. थेट दवाखाना, गाडी नसेल तर ११२. कालवांनी कापलं तर गोड्या पाण्यानं खूप वेळ धुवा, आत रेती राहिली तर चिघळतं.

घरी गेल्यावर दुर्बिणीचं भिंग लगेच फडक्यानं घासू नका, रेतीचे चरे पडतात. आधी फुंकर, मग मऊ कापड. गऱ्या गोड्या पाण्यातून काढा, नाहीतर आठवड्यात गंजतात. आणि वहीत दिवसाची नोंद करताना तारखेशेजारी तिथी लिहा. भाच्याच्या वहीत गेल्या खेपेची नोंद अशी आहे: "वद्य त्रयोदशी. कोरल ११. तांबोशी १, सोडली. मामांची टोपी खाडीत."